एल्बोच्या सर्जरीला पहिल्यांदा स्क्रब होताय? आधी या नर्व्ह्ज बघून घ्या

ऑर्थोची रेसिडेन्सी लागली की पहिल्या काही महिन्यांतच कधीतरी ओटी लिस्टवर डिस्टल ह्युमरस (दंडाच्या हाडाचं एल्बोकडचं टोक) लागतं आणि सिनियर सांगतो, उद्या नर्व्ह वाचून ये. मग आपण फर्स्ट एमबीबीएसचं पुस्तक काढतो, कॉर्ड, रूट व्हॅल्यू, ब्रँचेस सगळं घोकतो आणि ओटीत विचारतात ते भलतंच. तिथे प्रश्न असा असतो की आत्ता, हात असा ठेवलेला असताना, हा रिट्रॅक्टर इथून घातला तर त्याच्या टोकाशी काय येईल. एल्बो वाकवला की अल्नर (करंगळीच्या बाजूची नर्व्ह) सरकते, फोरआर्म फिरवला की पीआयएन (पोस्टेरिअर इंटरॉसिअस, रेडियल नर्व्हची खोल ब्रँच) सरकते, जुनं फ्रॅक्चर किंवा आधीचं ऑपरेशन असेल तर सगळाच नकाशा बदललेला असतो. त्यामुळे हे सगळं मी ब्रँचेसच्या क्रमाने न लिहिता ऑपरेशनच्या क्रमाने लिहितोय. फर्स्ट इयरवाल्यांसाठी आहे, कन्सल्टंट लोकांनी वरवर चाळलं तरी चालेल.

पहिली स्टेप: ओटीच्या आधी, कॅज्युअल्टीतच

नर्व्ह तपासायची ती स्लॅब लावायच्या आधी, ब्लॉकच्या (हात बधिर करायच्या इंजेक्शनच्या) आधी, रिडक्शनच्या (हाड जागेवर बसवायच्या) आधी. केसपेपरवर "नो डीएनव्हीडी" (नर्व्ह-रक्तवाहिनीचा दोष नाही) असं एका ओळीत खरडून मोकळं व्हायची जी सवय आहे ना, ती पहिल्याच आठवड्यात मोडा. कारण पोस्टऑपला बोटं हलली नाहीत तर आधीचं होतं की आपण केलं, हे त्या एका ओळीवरून कुणालाच सांगता येत नाही. मीडियन, एआयएन (अँटेरिअर इंटरॉसिअस, मीडियनची ब्रँच), अल्नर, रेडियल, पीआयएन अशी पाच नावं वेगवेगळी लिहा आणि प्रत्येकापुढे काय हललं आणि कुठे समजलं ते लिहा.

लहान मुलांचं काय करायचं हा प्रश्न येतोच. उन्हाळ्याच्या सुट्टीत आंब्याच्या झाडावरून पडलेलं सहा वर्षांचं पोर भोकाड पसरून रडत असतं, त्याला तुम्ही "थंब एक्स्टेन्शन कर" म्हणून काय उपयोग. त्याच्याशी स्टोन-पेपर-सिझर खेळा. मूठ वळली म्हणजे स्टोन, ती मीडियन. बोटं आणि मनगट सरळ करून पेपर, ती रेडियल आणि पीआयएन. सिझरला इंटरॉसिआय (बोटं फाकवणारे हातातले छोटे स्नायू) लागतात, म्हणजे अल्नर. आणि शेवटी अंगठा आणि तर्जनी जुळवून ओके करायला लावा, ती एआयएन. ओके करताना गोल नीट झाला पाहिजे, टोकाला टोक लागलं पाहिजे. दोन्ही बोटांचे शेवटचे सांधे सरळ राहून पल्पला पल्प चपटा चिकटत असेल तर एफपीएल (अंगठ्याचं टोक वाकवणारा स्नायू) आणि तर्जनीचा एफडीपी (बोटाचं टोक वाकवणारा) काम करत नाहीयेत.

एआयएनवर एवढा जोर द्यायचं कारण म्हणजे एक्स्टेन्शन टाइप सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चरमध्ये (एल्बोच्या जरा वर मोडून खालचा तुकडा मागे गेलेला) सगळ्यात जास्त तीच जाते, आणि तिला त्वचेची संवेदना नसते. मुलाला कुठेही बधिर वाटत नाही, आईवडिलांच्या काही लक्षात येत नाही आणि आपणही चुकवतो. फ्रॅगमेंट कुठे गेलाय त्यावरून अंदाज बांधता येतो. डिस्टल तुकडा पोस्टेरोलॅटरल (मागे आणि बाहेर) गेला असेल तर प्रॉक्सिमलचं (वरच्या तुकड्याचं) टोक पुढे आणि मीडियल (आतल्या) बाजूला घुसतं, तिथे मीडियन आणि ब्रॅकियल आर्टरी. पोस्टेरोमीडियल गेला असेल तर टोक लॅटरल बाजूला, तिथे रेडियल. फ्लेक्शन टाइप असेल तर अल्नर. हात गुलाबी आहे पण पल्स नाही, आणि वर एआयएन किंवा मीडियन गेलीय, हे कॉम्बिनेशन दिसलं तर सिनियरला लगेच फोन करा, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी. आर्टरी फ्रॅक्चरमध्ये अडकलेली असण्याची शक्यता अशा वेळी बरीच वाढते.

मोठ्या माणसात बोटाने मीडियल एपिकॉन्डाइलच्या (एल्बोच्या आतल्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्याच्या) मागे नर्व्ह चाचपून बघा, एल्बो सरळ ठेवून आणि मग पूर्ण वाकवून. काही जणांची अल्नर वाकवल्यावर टुणकन एपिकॉन्डाइलवर चढते किंवा पार पुढे येते, आणि हे दुर्मिळ नाही, १९५६ च्या चाइल्ड्रेसच्या पाहणीत साधारण १६ टक्के लोकांत ती जागची हलत होती. अशा माणसात मीडियल पोर्टल (दुर्बिणीचं भोक) किंवा मीडियल पिन आंधळेपणाने टाकणं म्हणजे सरळ नर्व्हमध्येच टाकणं.

अजून एक, जे परदेशी टेक्स्टबुकात कोपऱ्यात असतं पण आपल्याकडे विसरून चालत नाही. अल्नर हाताला जाड, गाठाळ लागली, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी, आणि दाबल्यावर दुखत असेल, तर क्युबिटल टनल (एल्बोशी अल्नर दाबली जाणं) म्हणून लिस्टवर टाकायच्या आधी पेशंटचा शर्ट काढून पाठ, दंड, पाय बघा, फिकट बधिर चट्टे आहेत का. कुष्ठरोगात अल्नर ही सगळ्यात जास्त धरल्या जाणाऱ्या नर्व्हपैकी एक आहे आणि गडचिरोली, चंद्रपूर, पालघर या भागात पोस्टिंग असेल तर असा पेशंट भेटणारच. त्याला आधी एमडीटी (कुष्ठरोगावरची एकत्रित औषधं) लागते, न्यूरायटिस (नर्व्हचा दाह) असेल तर स्टेरॉइड लागतात, चाकूचा प्रश्न नंतरचा. दुसरा आपल्याकडचा नेहमीचा पेशंट म्हणजे लहानपणी पडला होता, हाडवैद्याकडे नेऊन पट्टी बांधली, लॅटरल कॉन्डाइल (एल्बोच्या बाहेरच्या बाजूचा हाडाचा भाग) जुळलंच नाही, एल्बो हळूहळू बाहेरच्या बाजूला वाकत गेला आणि वीसेक वर्षांनी करंगळीला मुंग्या. हीच ती टार्डी अल्नर नर्व्ह पाल्सी. इथे नर्व्ह वर्षानुवर्षं ताणलेली असते, त्यामुळे हात लावताना तिला जास्तच जपायचं.

अल्नर एल्बोलाच दाबलीय की मनगटाला, हे ठरवायची सोपी युक्ती सांगतो. तळहाताच्या मागच्या बाजूला, करंगळीकडे बधिर आहे का बघा. त्या भागाची ब्रँच मनगटाच्या बऱ्याच वर, फोरआर्ममध्येच सुटते, त्यामुळे तिथे बधिर असेल तर दोष मनगटाच्या वर आहे. करंगळीचं शेवटचं पेर वाकत नसेल तर अजूनच वर.

दुसरी स्टेप: मार्किंग

ड्रेपिंग झालं की मार्कर घ्या आणि मीडियल एपिकॉन्डाइल, लॅटरल एपिकॉन्डाइल, ओलेक्रेनॉनचं (कोपराच्या मागच्या हाडाचं) टोक आणि रेडियल हेड त्वचेवर आखा. मग स्टराइल पट्टी लावून दोन अंतरं टिंबाने दाखवा. मीडियल एपिकॉन्डाइलपासून साधारण ८ सेंमी वर अर्केड ऑफ स्ट्रुथर्सची (फॅशियाच्या पट्ट्याची) जागा, अल्नर तिथे अडकू शकते. लॅटरल एपिकॉन्डाइलपासून साधारण १० सेंमी वर रेडियल लॅटरल सेप्टम (स्नायूंमधला पडदा) भेदून पुढे येते, आणि १४ सेंमीच्या आसपास ती हाडाच्या मागच्या पृष्ठभागाची लॅटरल कड सोडत असते. ही मोठ्या माणसाची सरासरी आहे, ठेंगण्या पेशंटमध्ये सगळं खाली येतं, म्हणून टिंबाच्या दोन बोटं आधीच सावध व्हायचं. लांब पोस्टेरिअर प्लेट लावायची असेल तर रेडियल डोळ्यांनी बघितल्याशिवाय प्लेट वर सरकवायची नाही, यात चर्चेला जागाच नाही.

तिसरी स्टेप: मागून जाताना अल्नर शोधणं

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण फर्स्ट इयरच्या हातात पहिल्यांदा कुठली नर्व्ह येत असेल तर ती हीच.

पेशंट लॅटरल (कुशीवर), हात बोल्स्टरवर टाकलेला, फोरआर्म खाली लोंबतोय. म्हणजे एल्बो साधारण ९० अंशात वाकलेला आहे आणि अल्नर ताणात आहे, हे आधी डोक्यात घ्या. इन्सिजन मधोमध, ओलेक्रेनॉनच्या टोकाला थोडं वळसा घालून. फ्लॅप जाड उचलायचा, फॅशियापर्यंत, पातळ केला तर त्वचाही जाते आणि त्वचेच्या बारीक नर्व्ह्जही.

आता बहुतेक जण एपिकॉन्डाइलच्या मागेच उकरायला लागतात. तसं करू नका. फ्रॅक्चर असेल तर तिथे सगळं रक्ताळलेलं, सुजलेलं असतं, काही ओळखू येत नाही. त्याऐवजी पाच-सहा सेंमी वर जा, ट्रायसेप्सच्या मीडियल कडेला. तिथे पिवळी फॅट असते, बोट आडवं फिरवलं की त्याखाली काहीतरी गोल सरकतं. ट्रायसेप्सच्या कडेचा फॅशिया मेटझनबॉम कात्रीने उभा उघडा, आणि नर्व्ह दिसेल, तिच्यावर लांबीने धावणारी बारीक रक्तवाहिनी असते त्यावरून ओळखायची. टेंडन पांढरं चकचकीत असतं, नर्व्ह जरा मळकट पिवळसर आणि तिच्या अंगावर आडव्या लाटांसारख्या बारीक रेघा दिसतात. शंका असेल तर सिनियरला दाखवा, कापून बघायचं नसतं.

एकदा वर सापडली की तिच्यामागून खाली यायचं. एपिकॉन्डाइलच्या मागे ऑस्बोर्नचा बँड, तो टनलचं छप्पर. खाली जमीन म्हणजे मीडियल कोलॅटरलचा पोस्टेरिअर बंडल आणि कॅप्सूल. छप्पर उघडताना कात्रीचं एक पातं नर्व्हच्या वर, टोक कायम वरच्या बाजूला. पुढे ती एफसीयूच्या (मनगट करंगळीकडे वाकवणाऱ्या स्नायूच्या) दोन डोक्यांमधून आत जाते, तिथे आधी वरचा फॅशिया उघडतो आणि मग लोकांना वाटतं झालं, पण आत खोलवर अजून एक फॅशियाचा थर असतो, तोही सोडवायचा, नाहीतर नर्व्ह पुढे आणल्यावर नेमकी तिथेच मुडपते. वाटेत सांध्याकडे जाणारी एक बारीक ब्रँच भेटते, ती गेली तरी चालते. एफसीयूला जाणाऱ्या मोटर ब्रँचेस मात्र जपायच्या. कुठली कुठली हे कळत नसेल तर दोन्ही ठेवा.

लूप टाकायचा तो व्हेसल लूप असेल तर व्हेसल लूप, नसेल तर आपल्याकडे इन्फंट फीडिंग ट्यूब वापरतातच, तीही चालते. पण लूपच्या टोकांना आर्टरी फोर्सेप्स लावून ती लोंबती सोडायची नाही. दोन तासांच्या केसमध्ये त्या फोर्सेप्सचं वजन सगळा वेळ नर्व्हवर असतं, शिवाय कुणीतरी ती उचलून "जरा बाजूला घे" म्हणत ओढतं. टोकं सैलसर गाठ मारून ठेवा, किंवा एक टाका घालून जोडा. लूप नर्व्ह ओळखण्यासाठी आहे, रिट्रॅक्ट करायला नाही. आणि आजूबाजूला मोनोपोलर कॉटरी नको, बायपोलर घ्या, विशेषतः मीडियल सेप्टमच्या मुळाशी, कारण तिथल्या शिरा हटकून रक्त काढतात आणि घाईघाईत हात मोनोपोलरकडे जातो.

शेवटी नर्व्ह जागेवर ठेवायची की पुढे आणायची, यावर दोन सर्जन भेटले की तीन मतं निघतात. डिस्टल ह्युमरसमध्ये सगळ्यांची ट्रान्सपोझ केली (पुढे आणली) की न्यूरायटिस कमी होतं असं सिद्ध झालेलं नाही, काही सिरीजमध्ये तर उलटंच दिसलंय. माझा कल असा की प्लेटवर घासत नसेल आणि वाकवल्यावर उडी मारत नसेल तर जागेवर राहू द्यावी. पण बघून ठरवा, प्लेट लावून झाल्यावर एल्बो तीन-चार वेळा पूर्ण वाकवा, सरळ करा, आणि नर्व्ह स्क्रूच्या डोक्यावर येते का ते बघा. पुढे आणायची ठरली तर मीडियल सेप्टमचा खालचा भाग कापून काढावाच लागतो, नाहीतर नर्व्ह त्याच्या धारेवर टांगल्यासारखी राहते, आणि वर स्ट्रुथर्सच्या जागेपर्यंत मोकळी केली नाही तर तिथे नवा मुडपा तयार होतो.

फक्त मीडियल इन्सिजन घेत असाल, उदाहरणार्थ क्युबिटल टनलसाठी, तर मीडियल अँटेब्रॅकियल क्युटेनियसच्या (फोरआर्मच्या आतल्या बाजूच्या त्वचेच्या नर्व्हच्या) ब्रँचेस इन्सिजनला आडव्या जातात, एपिकॉन्डाइलच्या वरही आणि खालीही. फॅटमध्ये असतात, दोऱ्याएवढ्या. कापल्या तर न्यूरोमा होतो आणि पेशंट मुंग्या गेल्याचं कौतुक करायचं सोडून ऑपरेशनच्या व्रणाला शर्ट लागला तरी झिणझिण्या येतात म्हणून फेऱ्या मारतो. त्वचा कापल्यावर ब्लेड खाली ठेवा, कात्रीने उभी फाक करत जा.

चौथी स्टेप: लॅटरल बाजू आणि पीआयएन

रेडियल ब्रॅकियालिस आणि ब्रॅकिओरेडियालिसच्या मधून खाली येते, रेडिओकॅपिटेलर सांध्याच्या आसपास तिचे दोन भाग होतात, आणि पीआयएन अर्केड ऑफ फ्रोजेखालून सुपिनेटर स्नायूमध्ये शिरून रेडियसच्या मानेला वळसा घालते. वळसा घालते म्हणजेच रेडियस फिरला की ती सरकणार.

कोकर किंवा कॅपलान (लॅटरल बाजूने जायचे दोन मार्ग), कुठूनही लॅटरलने रेडियल हेडला जात असाल तर फोरआर्म प्रोनेट करा (तळहात खाली). पीआयएन पुढे आणि मीडियल बाजूला जाते, कामाच्या जागेपासून दूर. २००० साली छापलेल्या एका कॅडेव्हर स्टडीत प्रोनेशनमध्ये लॅटरल बाजूने रेडियसचे वरचे ३८ मिमी सुरक्षित उघडता आले, सुपिनेशनमध्ये (तळहात वर) फक्त २२. म्हणजे असिस्टंटने कंटाळून हात सोडला आणि फोरआर्म सुपिनेट झाला तर तेवढ्यात तुमची जागा जवळजवळ निम्मी होते. हात धरणाऱ्याला हे आधी सांगा, बिचाऱ्याला माहीतच नसतं की तो का धरून उभा आहे.

पण प्रोनेशन म्हणजे कवचकुंडलं नाहीत. रेडियसची मान किंवा वरचा शाफ्ट तुटलेला असेल तर फोरआर्म फिरवल्याने वरचा तुकडा फिरेलच असं नाही, मग नर्व्हही पाहिजे तशी सरकत नाही. अशा वेळी खाली जायचं असेल तर सुपिनेटरमध्ये पीआयएन शोधून बघूनच पुढे जा. मानेच्या पुढून होमन रिट्रॅक्टर घालायचा मोह होतो, चांगलं दिसतं म्हणून, तो टाळा, टोक थेट नर्व्हवर जातं. आणि चौथाई लोकांत पीआयएन बायसिपिटल ट्यूबरॉसिटीच्या (बायसेप्स चिकटतो त्या उंचवट्याच्या) विरुद्ध बाजूला हाडालाच चिकटलेली असते, तिथे प्लेट सरकवली तर नर्व्ह प्लेटखाली जाते.

आता गोंधळ होतो तो इथे. पुढून हेन्री अ‍ॅप्रोचने जाताना उलटं, सुपिनेट करायचं. कारण आता तुम्ही पुढून येताय, आणि सुपिनेशनमध्ये पीआयएन लॅटरल आणि मागे जाते. एका ओळीत पाठ करण्यापेक्षा प्रत्येक वेळी स्वतःचा फोरआर्म फिरवून बघा, मी कुठून येतोय आणि नर्व्ह कुठे पळायला हवी. वायव्हामध्येही हात फिरवत उत्तर दिलं तर कुणी हसत नाही.

डिस्टल बायसेप्सच्या रिपेअरमध्ये सगळ्यात जास्त तक्रार लॅटरल अँटेब्रॅकियल क्युटेनियसची असते, ती बायसेप्स टेंडनच्या लॅटरल बाजूने सेफॅलिक व्हेनजवळ असते आणि रिट्रॅक्टर ओढून ओढून तिला दुखावलं जातं. बहुतेक वेळा परत येते, पण आधीच पेशंटला सांगून ठेवा. पीआयएनसाठी: पूर्ण सुपिनेट करा, ट्यूबरॉसिटीच्या रेडियल बाजूला होमन नको, टेंडन हाडाला धरून ठेवणाऱ्या बटणासाठी ड्रिल थोडं अल्नरकडे झुकवा.

पोस्टऑपला रेडियल गेली की पीआयएन, हे मनगटावरून कळतं. पीआयएनमध्ये मनगट उचलतं पण रेडियल बाजूला झुकून, बोटं आणि अंगठा उचलत नाहीत, संवेदना शाबूत. पूर्ण रेडियल गेली तर मनगटच पडतं.

पुढची बाजू पटकन

लॅटरलकडून मीडियलकडे मोजायचं: टेंडन, आर्टरी, नर्व्ह. लॅसर्टसच्या (बायसेप्सपासून निघणाऱ्या पट्ट्याच्या) खाली आर्टरी आणि मीडियन. मीडियनच्या ब्रँचेस बहुतेक मीडियल बाजूने सुटतात, म्हणून तिच्या लॅटरल कडेने डिसेक्ट करणं बरं. सांधा आणि मीडियन यांच्या मध्ये ब्रॅकियालिसची गादी असते, त्यामुळे पुढच्या कॅप्सूलवर काम करताना हाडाला चिकटून राहा, ब्रॅकियालिसच्या पुढे गेलात की गादी संपली.

पोरांच्या पिना

लॅटरल पिनांनी फ्रॅक्चर स्थिर होत असेल तर मीडियल पिन टाकूच नका. टाकावीच लागली तर लॅटरल आधी टाकून घ्या, मग एल्बो सरळ करत आणा, वाकणं ९० अंशापेक्षा बरंच कमी, कारण लहान मुलांत पूर्ण वाकवल्यावर अल्नर पुढे सरकते. छोटी चीर देऊन हाडापर्यंत पोचा, अंगठ्याने नर्व्ह मागे दाबून धरा, स्लीव्हमधून पिन. सीआर्मवर (ओटीतल्या एक्स-रेवर) सुंदर दिसतेय म्हणून नर्व्ह वाचली असं होत नाही.

आर्थ्रोस्कोपी बघायला मिळाली तर

तुम्ही करणार नाही, पण लक्ष कुठे द्यायचं ते सांगतो. आधी सॉफ्ट स्पॉटमधून (एल्बोच्या बाहेरच्या बाजूच्या मऊ जागेतून) २० ते ३० मिली सलाइन भरतात, त्याने नर्व्ह्ज हाडापासून लांब जातात (कॅप्सूल मात्र नर्व्हच्या तेवढीच जवळ राहते, म्हणून पुढची कॅप्सूल काढताना धोका तसाच). एल्बो ९० अंशात. मीडियल पोर्टल एपिकॉन्डाइलच्या २ सेंमी वर आणि सेप्टमच्या पुढे, सेप्टमच्या मागे अल्नर आहे. मागच्या मीडियल गटरमध्ये, म्हणजे अल्नरच्या शेजारी, शेव्हरला सक्शन लावलेलं दिसलं तर विनम्रपणे विचारा.

शेवटची स्टेप: ड्रेसिंग आणि ऑप नोट

ब्लॉकबद्दल अ‍ॅनेस्थेशियाशी आधीच बोला. पोस्टऑपला लगेच नर्व्ह तपासायची असेल तर लांब चालणारा ब्लॉक देऊन आपणच आपले डोळे बांधून घेतो. आणि कम्पार्टमेंटची (स्नायूंच्या कप्प्यात दाब चढण्याची) भीती असलेल्या केसमध्ये तर नकोच.

जाग आल्यावर काही हलत नसेल तर आधी ड्रेसिंग आणि स्लॅब पूर्ण सैल करा, एल्बो जास्त वाकवलेला असेल तर थोडा सरळ करा, पल्स बघा, मग सिनियरला कळवा. नर्व्ह आत अखंड बघितली असेल तर बहुतेक वेळा वाट बघतात, तीनेक आठवड्यांनी ईएमजी (स्नायूंची विद्युत तपासणी), आणि दिवसाला साधारण १ मिमी या वेगाने सुधारणा धरतात. मीडियल पिननंतर अल्नर गेली तर मात्र पिन काढायची की उघडून बघायचं हा निर्णय त्याच दिवशी व्हायला हवा.

ऑप नोटमध्ये "अल्नर नर्व्ह प्रोटेक्टेड" एवढंच लिहू नका. ओळख कुठे पटली, किती सेंमी मोकळी केली, जागेवर ठेवली की त्वचेखाली पुढे आणली, प्लेटच्या कुठल्या बाजूला आहे, एफसीयूच्या ब्रँचेस दिसल्या का, हे लिहा. डिस्चार्ज कार्डावरही मराठीत एक ओळ टाका की नस पुढे आणलेली आहे. दोन वर्षांनी तोच पेशंट इम्प्लांट काढायला दुसऱ्याच गावात दुसऱ्याच हॉस्पिटलमध्ये जाणार असतो, हातात फक्त ते कार्ड असतं, आणि तिथला सर्जन जुन्याच व्रणातून चीर देणार असतो. आणि तो सर्जन तुम्हीच असाल आणि कार्डावर काहीच नसेल, तर व्रणाच्या वरच्या टोकाच्याही वर, जिथे आधी कुणी हात लावलेला नाही तिथून नर्व्ह शोधा आणि खाली या, प्लेटचा पहिला स्क्रू त्यानंतर.